ज्योतीरामचं पान

ज्योतीराम माझ्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याला आम्ही जाळून तीन वर्षं झाली होती.

भोसरीतली माझी खोली रस्त्याला लागूनच. शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी घरी आले होते आणि सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत बसले होते. समोरच्या वर्कशॉपमध्ये पत्रा ठोकणं चाललं होतं. दारातला उजेड अडला म्हणून मी मान वर केली. पांढरा शर्ट, हातात कातडी बॅग, कानशिलाशी पिकलेले केस.

"आत्या," तो म्हणाला, "वळखलं का?"

ओळखणार नाही तर काय? बारशाला त्याच्या कानात त्याचं नाव मीच सांगितलं होतं. भूत-बित काही नसतं, असं वर्गात पोरांना दरडावून सांगणारी मी बाई. पण खरं सांगते, त्या दुपारी मी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय सरळ होते. पायांत चांगले परदेशी बूट होते आणि त्यांवर तळवड्याच्या वाटेची धूळ होती. तेवढ्यानेही माझा जीव भांड्यात पडला नाही. सूप कधी कलंडलं ते मला कळलंच नाही.

माझं नाव गोजाबाई. नवऱ्याने टाकलं आणि शाळेने घेतलं, म्हणून भोसरीत मला सगळे मास्तरीणबाईच म्हणतात. माहेर तळवड्याचं. ज्योतीराम माझ्या थोरल्या भावाचा धाकटा मुलगा. भाऊ लवकर गेला. मागे यशोदावहिनी, मोठा खंडू आणि हा. तळवड्यात तेव्हा शेतं, बाभळी आणि इंद्रायणीचा काठ, एवढंच होतं. शाळेसाठी ज्योतीराम भोसरीला माझ्याकडे यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. अभ्यासात बेतास बात, पण लोखंडाच्या वस्तूशी त्याचं काय गूळपीठ होतं कुणास ठाऊक. माझ्या कुलपाची किल्ली हरवली की याने तार वाकवून ते उघडलंच म्हणून समजा. मी शाबासकी द्यायची आणि मग चोरी करशील मेल्या म्हणून कान पिरगाळायची.

त्याची एक सवय मात्र सांगायलाच हवी. वहिनी कढी फार चांगली करते, फक्त मीठ टाकताना तिचा हात सैल सुटतो. ज्योतीराम पहिला भुरका मारायचा आणि म्हणायचा, "आये, मीठ जास्त झालंय." ती पळी उगारायची, "उद्यापास्नं तूच कर!" हे रोजचं. खंडू तीच कढी मुकाट्याने ओरपायचा. वहिनी मला एकदा म्हणाली होती, खंडू जेवला की पोट भरतं त्याचं, पण ज्योत्या बोलला की माझं भरतं.

१९६३ साली पिंपरीच्या ज्या कारखान्यात तो लागला होता, त्या कारखान्याने काही पोरं जर्मनीला पाठवली. यंत्रं तिकडची, ती चालवायला शिकून यायचं. परत येऊन काही वर्षं कंपनीतच काम करायचं, असा बाँड होता. जामीन म्हणून खंडूने सही केली. सगळं तळवडं त्याला पोचवायला वेशीपर्यंत आलं होतं. वहिनीने त्याच्या बॅगेत मिठाची पुडी घातली. "तिकडचं आळणी असंल," म्हणाली.

दोन वर्षं पत्रं आली. मग थांबली. बरोबरची पोरं परतली, हा परतला नाही. कंपनीची माणसं येऊन दमदाटी करून गेली. वहिनी उलट त्यांनाच विचारायची, "तुमीच न्हेलं की. आता तुमीच सांगा, कुटं हाय माजं पोर?" ती माणसं पुढे यायची बंद झाली. मी जुन्या पत्त्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्रं टाकली, ती तशीच परत आली.

माणसाचा बारा वर्षं ठावठिकाणा नसला तर त्याचा पुतळा करून जाळायचा, ही आमच्याकडची रीत. नाहीतर जीव अधांतरी राहतो, ना इकडचा ना तिकडचा. खंडूच्या घरात आजारपण हटेना, तेव्हा कुणीतरी तेच कारण काढलं. मी कडाडून भांडले. जिवंत असेल तर काय कराल, म्हणून विचारलं. खंडू रडवेला होऊन म्हणाला, "आत्या, जित्ता आसता तर दोन ओळी लिवल्या नसत्या का?" मी शाळेत रजेचा अर्ज दिला.

महाशिवरात्रीनंतरच्या अमावास्येला आळंदीच्या घाटावर आम्ही त्याला जाळलं. पळसाच्या देठांचा पुतळा, डोक्याच्या जागी नारळ, अंगावर त्याचा जुना सदरा. हात-पाय बांधून झाल्यावर ते सगळं असं काही माणसासारखं दिसायला लागलं की मी नजर वळवली. सदऱ्याने पेट घेतला. थोड्या वेळाने नारळ टक्‌ करून फुटला, आगीतून बाहेर पडला आणि घरंगळत वहिनीच्या पायाशी येऊन थांबला. खंडूने तो काठीने परत आत ढकलला.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वहिनी मात्र खालीच बसली. "येवढं बी काय मागं ऱ्हायलं न्हाई का रं तुजं?" एवढंच म्हणाली. कावळ्याने वाट पाहायला लावली असती, तर तिला बरं वाटलं असतं.

आणि आता तोच ज्योतीराम माझ्या खोलीत बसून पाणी पीत होता.

सगळ्यांत जास्त मला त्याच्या बोलण्याची भीती वाटली. गेल्या सतरा वर्षांत आमची तळवड्याची पोरंसुद्धा शिफ्ट, ओव्हरटाइम, बॉस करून बोलायला लागली होती. हा बोलत होता तो त्रेसष्ट सालच्या पोरासारखा, तोच हेल, तेच शब्द. चेहरा चाळिशीचा आणि आतून बोलणारा पोरगा.

त्याने सगळं सांगितलं. तिकडे दुसऱ्या कारखान्यात जास्त शिकायला मिळत होतं म्हणून त्याने बाँड मोडला. पत्र लिहावं तर पत्ता फुटेल आणि कंपनी खंडूला धरील, म्हणून लिहिलं नाही. मग वर्षं गेली आणि पुढे लाजच वाटायला लागली. आधी दर वर्षी राहण्याची परवानगी मागावी लागे. नंतर कायमचं राहण्याचा परवाना मिळाला. आता तिकडचं नागरिकत्व मागायचा अर्ज त्याने आणला होता. मंजूर झाला की तो जर्मनीचा. इथलं नागरिकत्व आपोआप जाणार, दोन्ही ठेवता येत नाहीत. त्यासाठी शाळेचा दाखला हवा होता.

"मग त्यासाठी एवढ्या लांब कशाला आलास?" मी म्हणाले. मला राग आला होता आणि तो लपवायची मला सवय नाही. "पत्र टाकायचंस. सतरा वर्षांतलं एक तरी."

"अर्जात आयचं नाव लिवायचं व्हतं, आत्या," तो म्हणाला. "लिवलं. आन् तोंड डोळ्यांफुडं येईना. घर दिसतंय, दार दिसतंय, उंबऱ्यावरली रांगोळी दिसती. दारात बाई उभी हाय, लुगडं बी दिसतंय. तोंडाच्या जागी काय न्हाई."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. हे कधीपासून, म्हणून विचारलं.

त्याला दिवस पक्का आठवत होता, कारण त्याच दुपारी त्याच्या हातात कायमच्या परवान्याचा कागद पडला होता. सकाळची पाळी नुकतीच लागली होती. तो यंत्रापाशी उभा होता. अचानक छातीला जाळ लागल्यासारखं झालं, बोटं अंगाशी बांधल्यासारखी आखडली, आणि डोक्यात टक्‌ असा आवाज झाला. बरोबरच्यांनी डॉक्टरकडे नेलं. ताप नव्हता, काहीच नव्हतं. आठ-दहा दिवस बरं नव्हतं, मग एका सकाळी उठला तो अगदी हलका होऊन. घरची ओढ नाही, आठवण नाही, जेवणाला चव नाही. त्याला वाटलं, परवाना मिळाल्याचं समाधान असेल.

त्याने तारीख सांगितली. ती आळंदीचीच तारीख होती. त्या दिवसाची रजा मी शाळेतून मागून घेतली होती, ती मी कशी विसरेन? इथे उन्हं वर येतात तेव्हा तिकडे सकाळची पाळी लागते, हे मी नंतर मुलांच्या नकाशाच्या पुस्तकावरून ताडून पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

मी त्याला सांगून टाकलं. आम्ही तुझा पुतळा जाळला. कावळाही शिवला.

त्याने स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले. "मंग मी कोन?" म्हणाला.

माझ्याकडे येण्याआधी तो सकाळी तळवड्याला जाऊन आला होता. अंगणात एक म्हातारी दाणे पाखडत होती. त्याने विचारलं, "यशोदाबाई कुटं हायत?" म्हातारीने सूप खाली ठेवलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि "ती ग्येली" म्हणून आत जाऊन दार लावून घेतलं. ही आईच, हे त्याच्या लक्षात आलं ते दाराला कडी लागल्याच्या आवाजावर. दार ओळखीचं होतं.

"आत्या, तिला सांगा," तो म्हणाला, आणि आता तो खरोखर रडत होता. "मला ज्योतीराम म्हनून घरात घिऊ द्या. एकदा त्या नावानं हाक मारू द्या. हा अर्ज हितंच फाडतो, परत जात न्हाई. आन् न्हाई घेतलं, तर तिकडं तरी कुनाचा तरी हुतो. आसं मधीच किती दिस लटकायचं?"

दुसऱ्या दिवशी मी तळवड्याला गेले. वहिनी चुलीपुढे बसली होती. मला पाहताच म्हणाली, "वन्सं, तुमाला बी दिसला न्हवं?"

"दिसला म्हणजे? माझ्या घरी जेवला. वहिनी, तो जिवंत आहे."

"त्यानं मलाच इचारलं, यशोदाबाई कुटं हायत. पोटचं पोर आसं इचारंल?" तिचा आवाज शांत होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "माजा लेक मी जाळलाय. नारळ माज्या पायापाशी आला व्हता. ह्यो त्याचं कातडं पांघरून आलेला कोनतरी हाय."

मी हात टेकले नाहीत. त्याला वेशीवर थांबवलं होतं, तिथून अंगणात बोलावलं, आणि वहिनीला म्हटलं, वाढ काहीतरी, मग बोलू. तो आला. खंडूचं कुत्रं अनोळखी माणसाचा फडशा पाडणारं, पण ते भुंकलं नाही की जवळ आलं नाही. तो जिथे बसला होता तिथून आरपार पलीकडच्या भिंतीकडे पाहत पडून राहिलं. वहिनीने उंबऱ्याच्या आतून हात लांबवून कढी-भात सरकवला आणि दाराआड उभी राहिली. ती कशासाठी थांबली होती ते मला माहीत होतं. ज्योतीरामने पहिला भुरका मारला. दुसरा मारला. वाटी रिकामी केली आणि म्हणाला, "बेस झालीय."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या कढीत तिने मुद्दाम मूठभर मीठ टाकलं होतं.

त्यानंतर तो आळंदीला धर्मशाळेत राहायला गेला. पण रोज सकाळी चालत तळवड्याच्या शिवेवर यायचा आणि बांधावर बसून राहायचा. लोकांची पाचावर धारण बसली. खंडू बिचारा दोन्हीकडून कात्रीत. भावाला भेटायला जायचा, पण चार पावलं अलीकडेच उभा राहून बोलायचा. त्या वाटेने बायका पाण्याला जाईनात. मग कुणीतरी बांधावर उतारा ठेवायला सुरुवात केली. भात, वर हळदकुंकू, लिंबू, भाकरीचा तुकडा. आणि तो ते उतारे खायचा.

मी त्याच्यावर खेकसले, "अरे, उतारा आहे तो! लोक भुतासाठी ठेवतात."

"ठावं हाय की, आत्या. पर माज्याच नावानं ठिवलाय न्हवं?"

हे मी वहिनीला सांगितलं. ती निवडत होती ती भाजी तशीच मांडीवर राहिली. मग म्हणाली, "कुनाचं बी आसंना, लेकरू उताऱ्यावर जगतंय." आणि पदराने तोंड झाकून ती धाय मोकलून रडली. ज्योतीरामला जाळलं तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच खंडूला आळंदीच्या गुरुजींकडे पाठवलं.

गुरुजी म्हणाले, क्रिया झालेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. शास्त्रात तुपाने भरलेला मोठा कुंभ सांगितलाय, त्यातून काढायचं. मी म्हटलं, गुरुजी, चाळिशीचा बाप्या बुडेल एवढं तूप कुठून आणायचं? तेही हसले. धान्याची रिकामी कणगी चालेल म्हणाले. तिच्यातून बाहेर आला की आईने आंघोळ घालायची, मांडीवर डोकं घ्यायचं, आणि आत्याने कानात नाव सांगायचं.

अंगणात कणगी आडवी केली. दारावर लोक जमले होते, पण अंगणात पाय टाकायची कुणाची छाती झाली नाही. ज्योतीराम गुडघे पोटाशी घेऊन आत शिरला. कणगीच्या तोंडावर वहिनीचं लुगडं टाकलं. आतून काहीच आवाज येईना. श्वाससुद्धा ऐकू येईना. खंडू घाबरून पुढे झाला, तेवढ्यात लुगड्याखालून दोन हात आले, आणि ते हात मातीवर काहीतरी चाचपत राहिले. वहिनीने ते धरले आणि ओढले.

आंघोळ घालताना ती माझ्या कानाशी लागली. "वन्सं, ज्योतीराम म्हनायचं न्हाई हां. सोपान म्हना. माजा ज्योत्या ग्येलाय. त्याचं नाव ह्याला दिलं तर त्यानं कुटं जावं?"

ज्योतीराम म्हटलं तर हा राहणार होता. अर्ज त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवला होता आणि सदरा समोर तुळशीपाशी पडला होता. एक नाव सांगायचं, की तो तिथेच त्याचे तुकडे करणार. पण ज्या आईच्या मांडीवर त्याचं डोकं होतं, ती ज्योतीरामची आई म्हणून बसली नव्हती. परक्या पोराला जवळ घ्यायला बसली होती. तिच्या तोंडात मी माझे शब्द कसे घालणार? मी वाकले आणि त्याच्या कानात म्हणाले, "सोपान." आजही मला वाटत नाही की मी चुकले.

त्याने डोळे उघडले नाहीत. ओल्या केसांतून पाणी गळत होतं, त्यात त्याचं रडणं कुणाला दिसलं नाही. मला दिसलं.

महिनाभर तो त्या घरात सोपान म्हणून राहिला. वहिनी त्याला प्रेमाने जेवू घाले, अंगावर पांघरूण घाले, आणि संध्याकाळी ज्योतीरामच्या गोष्टी सांगे. "माजा ज्योत्या हुता ना, खंडूच्या पाठचा, त्यानं एकदा..." तो मांडी घालून ऐकायचा, जसा नवा जावई ऐकतो. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "लय चांगला व्हता म्हनं त्यो." थट्टा करतोय की काय म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

जाताना दाखला घ्यायला तो शाळेत आला. दाखल्यावर नाव अर्थातच ज्योतीराम. "अर्ज भरतो, आत्या," म्हणाला. "आयनं घरात घेतलं, लय झालं. पर ज्योतीराम म्हनून हितं कोन वाट बघतंय? त्याचं तेवढंच काम ऱ्हायलंय, सही करायचं." मी त्याला अडवलं नाही. तोंडाशी आलेले शब्द गिळण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात थोडे आहेत, त्यांतला हा एक.

आता त्याची पत्रं नेमाने येऊ लागली, खाली सही सोपानची. मी ती तळवड्याला नेऊन वहिनीला वाचून दाखवायची. अर्ज मंजूर झाल्याचंही पत्रातूनच कळलं. जुना पासपोर्ट बाद केला, नवा दिला. वहिनीला मी समजावलं की आता तो त्या देशाचा झाला. ती म्हणाली, "त्यांनी बी घेतला म्हना की मांडीवर. चांगली मानसं हायती."

१९८२ च्या भाद्रपदात तो आला. आधी माझ्याकडे उतरला, पासपोर्ट दाखवला. हिरवं पुठ्ठ्याचं आवरण, वर गरुड. आत आपल्या सरकारचा शिक्का, राहण्याची मुदत घातलेला. परदेशी पाहुण्याला देतात तशी. ती मुदत महिनाअखेर संपत होती.

पितृपंधरवडा चालू होता आणि दुसऱ्याच दिवशी तळवड्याला ज्योतीरामचा म्हाळ होता. जाळल्यापासून वहिनी दर वर्षी त्याच्या नावाने पान वाढायची. मागच्या वर्षी खंडू चिडून म्हणाला होता, "आये, ज्याचं पान वाडती त्यो पत्र धाडतोय की!" तिने ऐकून घेतलं नव्हतं. पत्र सोपानचं, पान ज्योतीरामचं.

भात, वडे, खीर, भाज्या आणि कढी. पान वाढून झालं. खंडू नेहमी ते बाहेर नेऊन पडवीच्या कौलांवर ठेवायचा. त्या दिवशी वहिनी पाहुण्याला म्हणाली, "सोपान, तुजा हात पोचतोय, तू ठीव बाबा." त्याने स्वतःच्या म्हाळाचं पान दोन्ही हातांनी उचललं, कौलांवर ठेवलं आणि मागे सरकून हाक घातली, "काव, काव."

दर वर्षी हाकेसरशी कावळा यायचा. त्या दिवशी आला नाही. शेजारच्या बाभळीवर आठ-दहा बसले होते, सगळे आमच्याकडे पाहत. त्यांतल्या एकानेही पंख हलवले नाहीत. खंडूने हाका मारल्या, मी मारल्या. उन्हाने कढीवर साय धरली. दुपारच्या पाळीचा भोंगा लांबून ऐकू आला आणि थांबला, आणि मग कसलाच आवाज उरला नाही. घरात कुणी जेवू शकत नव्हतं. ज्याचं पान त्याने घेतल्याशिवाय बाकीच्यांनी घास उचलायचा नसतो.

वहिनी बाहेर आली. तिने कावळ्यांकडे पाहिलं. मग पानाकडे. मग खाली उभ्या असलेल्या त्याच्याकडे. जे दहाव्याला लगेच शिवले होते ते आज का शिवत नाहीत, हे ती मनातल्या मनात जुळवत होती, आणि ते जुळताना मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"काढ ते खाली," ती म्हणाली. "काढ, आन् बस. तूच जेव."

खंडू म्हणाला, "आये, मेलेल्याचं पान..." तिने हाताने त्याला गप्प केलं.

तो पडवीत बसला. पान पुढे घेतलं. सगळं गार झालं होतं. त्याने द्रोण उचलला आणि कढीचा भुरका मारला. भुरका मारला आणि तो थांबला. द्रोण तसाच ओठांशी राहिला. मग त्याने तोंड वाकडं केलं, अगदी सहा वर्षांच्या पोरासारखं.

"आये," तो म्हणाला, "मीठ जास्त झालंय."

वहिनी त्याच्यापुढे येऊन बसली. तिने दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं, हनुवटी वर केली आणि उजेडाकडे वळवून पाहिलं. "ज्योत्या," ती म्हणाली. "ज्योत्या, मेल्या, कुटं व्हतास रं?"

तो तिच्याकडे पाहत होता. बोट पुढे करून त्याने तिच्या गालाला हात लावला, भुवईला लावला, हनुवटीवरच्या तिळाला लावला. "तीळ व्हता," तो म्हणत होता, "हितं तीळ व्हता, आये. कसा इसरलो मी?" खंडू भिंतीकडे तोंड करून रडत होता. मीही रडले, मला त्याची लाज नाही. अंगणातलं कुत्रं उठून आलं, त्याच्या पायाशी हुंगलं आणि शेपूट हलवायला लागलं.

वहिनीने डोळे पुसले. हसत, हुंदके देत, ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ज्या हाकेसाठी तो सतरा वर्षांनी आला होता ती तिने त्याला दहादा मारली असेल. "ज्योतीराम. माजा ज्योतीराम. आता न्हाई ना जायाचं कुटं?"

ज्योतीरामने माझ्याकडे पाहिलं. पासपोर्टातला शिक्का त्याला माहीत होता आणि मला माहीत होता. या देशात ज्योतीराम नावाचा जो माणूस होता, तो त्याने स्वतःच्या सहीने संपवला होता.

"जेवू दे त्याला आधी, वहिनी," मी म्हणाले.

तो मान खाली घालून जेवू लागला. थोड्या वेळाने बाभळीवरचा एक कावळा उडाला आणि पडवीच्या कौलांवर, रिकाम्या जागी येऊन बसला.